रेंजच्या पलीकडचा माणूस

हा लेख पुढे वाचण्याआधी एक छोटं काम करा. तुमच्या अंगावर या क्षणी किती रेडिओ आहेत ते मोजा.

हसू नका! गाणी ऐकायचा रेडिओ नाही म्हणत मी. रेडिओ म्हणजे हवेतून सिग्नल पाठवणारं किंवा पकडणारं कुठलंही सर्किट. खिशातल्या मोबाईलमध्ये नेटवर्कचा एक, वायफायचा एक, ब्लूटूथचा एक आणि जीपीएसचा एक, असे निदान चार. कानात इअरबड्स असतील तर दोन्ही कानांत एकेक. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर आणखी एक. म्हणजे मेसच्या लाइनीत पोळीची वाट बघत उभा असलेला आपला सर्वसाधारण होस्टेलवासी सहा-सात रेडिओ अंगावर घेऊन फिरतो. आणि ते सगळे मिळून करतात काय? तर शेजारच्या रूममधल्या मित्राला विचारतात, "जेवायला येतोयस का?"

आता याच रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरातून काल संध्याकाळी सुटलेल्या एखाद्या मच्छीमार बोटीवर चला. रात्रीचे दोन वाजलेत, किनारा ४० किलोमीटर मागे राहिलाय. मोबाईलची रेंज साधारण १०-१२ किलोमीटरवरच संपली. डेकवर जाळं ओढणाऱ्या खलाशाचा मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवलाय. त्याच्या अंगावर किती रेडिओ? शून्य.

ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्याकडे शून्य, आणि ज्याला फारशी गरज नाही त्याच्याकडे सात. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. आणि तो फक्त सरकारचा किंवा कंपन्यांचा प्रश्न नाही, आपल्या ई अँड टीसी डिपार्टमेंटचा पण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा इतिहास बघू. (सिलॅबसमधला नाही, घाबरू नका.) वायरलेसचा सुरुवातीचा मोठा उपयोग समुद्रावरच झाला. मार्कोनीच्या काळातला ट्रान्समीटर म्हणजे जहाजावरची एक अख्खी खोली. १९१२ साली टायटॅनिक बुडालं तेव्हा जे वाचले ते त्या खोलीतून गेलेल्या संदेशांमुळे. पण तो रेडिओ जहाजाचा होता, माणसाचा नव्हता. पुढची सगळी वर्षं इंजिनिअर लोकांनी एकच उद्योग केला असं म्हटलं तरी चालेल: रेडिओला माणसाच्या जवळ जवळ आणायचं.

१९३७ च्या सुमारास कॅनडात डोनाल्ड हिंग्ज नावाच्या माणसाने हातात नेता येईल असा दुतर्फा रेडिओ बनवला. कुणासाठी? उत्तरेकडच्या निर्मनुष्य जंगलात विमानं उडवणाऱ्या आणि खनिजं शोधणाऱ्या लोकांसाठी. विमान कुठेतरी उतरवावं लागलं तर मदत कशी मागायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अल ग्रॉसने स्वतंत्रपणे वॉकी-टॉकी तयार केला. दुसऱ्या महायुद्धात मोटोरोलाचा एससीआर-३०० आला. वजन १५ किलोच्या वर, पाठीला बांधून पळायचं, रेंज पाचेक किलोमीटर. तरी सैनिकांना तो सोन्यासारखा वाटला असणार. मग ग्रॉसनेच १९४९ मध्ये डॉक्टरांसाठी पेजर शोधला. म्हणजे बघा, खोलीतून पाठीवर, पाठीवरून हातात, हातातून खिशात असा हा प्रवास आहे.

आणि मग ३ एप्रिल १९७३. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून मार्टिन कूपरने हातातल्या मोबाईलवरून पहिला फोन लावला, तोही प्रतिस्पर्धी बेल लॅब्सच्या जोएल एंगेलला! (ह्याला म्हणतात कॉलर टाइट करणं.) तो फोन एक किलोहून जास्त वजनाचा होता आणि त्यावर अर्धा तास बोलता आलं तरी खूप. पण त्यामागचा विचार मला फोनपेक्षा मोठा वाटतो. तेव्हा कारमध्ये बसवलेले फोन होते. कूपरचं म्हणणं असं, की लोकांना घराशी, ऑफिसशी किंवा गाडीशी बोलायचं नसतं, माणसाशी बोलायचं असतं. म्हणून नंबर जागेचा नको, माणसाचा हवा.

आज हे इतकं साधं वाटतं की त्यात कल्पना ती काय, असं विचाराल. पण हाच विचार आपल्या समुद्रावर अजून पोचलेला नाही. जमिनीवर रेडिओ मनगटापर्यंत आला. समुद्रावर तो केबिनमध्येच अडकून पडला.

गैरसमज नको. आपल्याकडे काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. उलट भरपूर झालंय. बोटींवर व्हीएचएफ सेट आहेत, संकटाच्या हाकेसाठी १५६.८ मेगाहर्ट्झचा चॅनेल १६ आहे. इस्रोचा डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर २०१० पासून वापरात आहे. बटण दाबलं की बोटीची जागा उपग्रहामार्गे बंगळूरच्या केंद्रात कळते आणि तिथून कोस्ट गार्डला. त्याच्या नव्या पिढीच्या यंत्रात तर 'तुमची हाक पोचली' असं उत्तरही परत येतं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचं 'जेमिनी' यंत्र २०१९ मध्ये आलं. ते गगन उपग्रह यंत्रणेवरून वादळाचा इशारा घेतं आणि ब्लूटूथने मोबाईलवर दाखवतं. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, मच्छीमार बोटींवर १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. त्यातून बोटीवर आणि बोटीवरून, दोन्हीकडे मेसेज जातो.

याची किंमत कोकणाला वेगळी सांगायला नको. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं तेव्हा या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटी समुद्रात होत्या, आणि काही घरांतली माणसं परत आलीच नाहीत. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी भरकटत सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, त्यांवर ९५२ मच्छीमार होते. ते सुखरूप आहेत हे त्यांच्या घरी कळलं ते किनारा लागल्यावर. आज तशी वेळ आली तर ट्रान्सपाँडर असलेल्या बोटीकडे निदान इशारा तरी आधी जाईल. ज्यांनी हे बनवलं त्या इंजिनिअर लोकांना माझा सलाम.

पण ही यादी परत एकदा वाचा. ट्रान्समीटर बोटीचा, ट्रान्सपाँडर बोटीचा, व्हीएचएफ बोटीचा. बोट संकटात असेल तर यातलं सगळं कामाला येतं. पण बोट ठणठणीत आहे आणि माणूस पडलाय, तर?

माझी रूममेट मच्छीमार घरातली. तिचे वडील तांडेल, म्हणजे बोटीचा कारभार त्यांच्या हातात. तिने सांगितलेली त्यांच्या गावच्या एका बोटीची ही गोष्ट. मध्यरात्री जाळं टाकून झालं, तांडेल सुकाणूवर, बाकीचे आडवे झाले. पहाटे जाळं ओढायला उठले तर एक खलाशी कमी. कधी पडला, कुठे पडला, कुणालाच माहीत नाही. व्हीएचएफवरून आजूबाजूच्या बोटींना सांगितलं, सगळ्यांनी दिवसभर शोधलं. तो मिळाला नाही. मुलगा नेपाळचा होता. आपल्याकडे बोटींवर नेपाळी खलाशी खूप आहेत, हे मिरकरवाड्याला गेलेल्या कुणालाही माहीत असेल. त्याच्या घरी फोन लागायला दोन दिवस गेले.

त्या रात्री बोटीवरची सगळी यंत्रं नीट चालत होती. जीपीएस बोटीची जागा अचूक दाखवत होता, व्हीएचएफला आवाज होता. फक्त 'एक माणूस कमी झालाय' हे सांगणारं काही नव्हतं.

आता इंजिनिअरसारखं गणित करू. जाळं ओढत चाललेल्या ट्रॉलरचा वेग साधारण ३ नॉट धरा, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. माणूस पडल्याचं दोन तासांनी कळलं तर बोट ११ किलोमीटर पुढे गेलेली असते. शिवाय प्रवाहाने तो माणूस कुठे गेला ते वेगळंच. रात्रीच्या समुद्रात एक डोकं शोधायचं, ११ किलोमीटरच्या पट्ट्यात! आणि तेच १० सेकंदांत कळलं तर? बोट १५ मीटरवर असते. पंधरा मीटर म्हणजे आपल्या होस्टेलच्या जिन्यापासून टीव्ही रूमपर्यंत. तिथून दोर टाकता येतो. जगणं आणि बेपत्ता होणं यातला फरक एका बझरचा आहे.

"मग बाहेरून घ्या की विकत," असं कुणीतरी म्हणेलच. जगात अशी यंत्रं आहेत, नाही असं नाही. अंगावर बाळगायचा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन मिळतो, तो उपग्रहांमार्फत बचाव केंद्राला जागा कळवतो. पण एका बोटीवर पाच-सात खलाशी, पर्ससीन बोटीवर तर पंचवीस-तीस. प्रत्येकाला परदेशी बीकन घेऊन देणारा मालक मला तरी अजून भेटलेला नाही. शिवाय तो बीकन स्वतः चालू करावा लागतो, आणि डोक्याला मार लागून पडलेला माणूस बटण कसं दाबणार? सॅटेलाइट फोनचं तर नावच नको. थुरया आणि इरिडियमचे फोन परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्याला कारणही आहे. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून समुद्रमार्गेच मुंबईत आले होते आणि त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता. तेव्हा शॉपिंग वेबसाइटवरून पार्सल मागवून हा प्रश्न सुटणार नाही. इथेच बसून सोडवावा लागेल.

आणि गंमत म्हणजे तो सुटण्यासारखा आहे! कल्पना अगदी साधी, आणि नवीही नाही. प्रत्येक खलाशाच्या अंगावर एक छोटा टॅग. तो दर दोन सेकंदांनी 'मी आहे' एवढंच सांगणार. केबिनमध्ये एक रिसीव्हर. सलग पाच हाका चुकल्या की बझर वाजणार आणि त्या क्षणीची जीपीएस जागा मेमरीत जाणार. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात ठराविक पॉवरपर्यंत लायसन्सशिवाय वापरता येतो आणि त्याची मॉड्यूल्स आपल्या लॅबच्या कपाटातसुद्धा पडलेली आहेत.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. समुद्राचं पाणी खारट, म्हणजे वीज वाहून नेणारं, म्हणून रेडिओ लहरींचा शत्रू. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झला दर सेंटिमीटर पाण्यामागे मोठा फटका बसतो. थिअरीच्या पेपरात आपण याला 'लॉसी मीडियम' म्हणून नावं ठेवतो. पण इथे तोच शत्रू आपला सेन्सर आहे! माणूस पाण्यात गेला की सिग्नल मरतो आणि सिग्नल मरणं हाच अलार्म. पडलेल्या माणसाला काहीच करावं लागत नाही.

मग हे अजून का झालं नाही? कारण सोपं सर्किट आणि वापरता येईल अशी वस्तू यांच्यात मोठं अंतर आहे. मी रूममेटच्या वडिलांना ही आयडिया सांगितली. मनगटी पट्टा म्हटल्याबरोबर काकांनी मान हलवली. म्हणाले, "हाताला कायतरी बांधून जाळी ओढायची म्हणजे हात गमवायचा धंदा गो बाय! दोरात नायतर विंचमध्ये अडकलं की संपलं." झालं! आपण सगळे 'वेअरेबल' म्हटलं की मनगट धरून चालतो, कारण जाहिरातीत तसंच असतं. इथे मनगट बाद. गळा तर त्याहून बाद. खांद्यावर, कापडात शिवलेला टॅगच चालेल. खांद्याचा फायदाही आहे: माणूस तरंगत असेल तर खांदा पाण्याच्या वर यायची शक्यता जास्त, म्हणजे तिथे एखादा लुकलुकणारा एलईडी दिसू तरी शकेल.

दुसरी अडचण काकांनीच काढली. खलाशी मासळी ठेवायला बर्फाच्या कप्प्यात उतरतो तेव्हा काय? सिग्नल तिथेही तुटणार, म्हणजे खोटा अलार्म. एका रात्रीत तीनदा खोटा बझर वाजला की चौथ्यांदा कुणीतरी त्याची वायरच उपटणार! पाणी लागल्यावर चालू होणारा सेन्सर लावावा म्हटलं, तर डेकवर कायमच पाणी उडत असतं. कप्प्यात दुसरा रिसीव्हर बसवायला हवा, म्हणजे खर्च वाढला. बॅटरीचंही तेच. रोज चार्ज करायला लागणारी वस्तू चौथ्या दिवशी केबिनमधल्या खिळ्याला लटकलेली दिसेल. वर खारी हवा आहे, सोल्डरचे जॉइंट महिन्यात हिरवे. आणि बझर वाजल्यावर स्क्रीनवर इंग्रजी मेसेज येऊन काय उपयोग? रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या नेपाळी मुलाला कळेल असा दिवा आणि आवाज हवा.

हे प्रश्न कुठल्याच टेक्स्टबुकमध्ये नाहीत. ते जेटीवर आहेत. हिंग्जला जंगलातला वैमानिक माहीत होता म्हणून त्याचा रेडिओ चालला. खलाशी माहीत नसेल तर आपला टॅग चालणार नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. खलाशाच्या अंगावर टॅग आला की मालक त्याचा उपयोग हजेरीसाठी करेल, कोण किती वेळ बसला याचा हिशोब ठेवेल. जीव वाचवायला आणलेलं यंत्र मुकादम होऊन बसेल. म्हणून माझं म्हणणं असं, की टॅगने 'आहे' आणि 'नाही' एवढंच सांगावं. कोण कुठे आहे याची नोंद ठेवायची सोयच सर्किटमध्ये नसावी. काय करता येतं यासारखंच काय मुद्दाम करायचं नाही हेसुद्धा डिझाइनच असतं, असं मला वाटतं. "आधी लाइफ जॅकेट तरी घालू देत," असंही काही जण म्हणतात. बरोबर आहे, घालायलाच हवं. पण जाळं ओढताना अडचण होते म्हणून ते बाजूला काढून ठेवलं जातं, हे वास्तव आहे. आणि लाइफ जॅकेट माणसाला तरंगत ठेवतं, तो पडलाय हे बोटीला सांगत नाही.

आता आपल्याकडे वळते. दरवर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्टची यादी लागते. स्मार्ट डस्टबिन, होम ऑटोमेशन, फेस रेकग्निशनवाली अटेंडन्स, परत स्मार्ट डस्टबिन... (गेल्या काही वर्षांतल्या स्मार्ट डस्टबिन एकत्र केल्या तर रत्नागिरी शहर स्वच्छ व्हायला हरकत नव्हती!) काही प्रोजेक्ट तर पुण्याहून रेडिमेड येतात, इथे फक्त बाइंडिंग होतं. व्हायवा झाली की किट कपाटात आणि आपण प्लेसमेंटच्या लाइनीत.

मी सर-मॅडमना नम्रपणे तीन गोष्टी सुचवते. एक, दरवर्षी निदान एक प्रोजेक्ट समुद्राचा असू द्या आणि तो दरवर्षी नव्याने सुरू न करता ज्युनिअर बॅचने पुढे न्यावा. पहिल्या बॅचने सर्किट करावं, दुसरीने खारं पाणी आणि बॅटरी बघावी, तिसरीने खोटे अलार्म. अशी वस्तू एका वर्षात होत नाही, पण तीन-चार वर्षांत होऊ शकते. दोन, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर असतात, तांडेलांना बोलायला वेळ असतो. प्रोजेक्ट ठरवायच्या आधी त्या दोन महिन्यांत प्रत्येक टीमने जेटीवर जाऊन यावं, आणि पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये ब्लॉक डायग्रामच्या आधी 'आम्ही कुणाशी बोललो' ही स्लाइड असावी. तीन, मार्क देताना यंत्र टेबलावर चाललं का एवढंच बघू नका. मिठाच्या पाण्याच्या बादलीत आठवडाभर ठेवून चाललं का, तेही बघा.

"आपण साधी कोकणातल्या कॉलेजची मुलं, आपल्याकडून कुठे शोध लागणार?" असं वाटणाऱ्यांना एकच सांगते. आयआयटीतल्या मुलाला मिरकरवाडा गाठायला रात्रभराचा प्रवास आहे. आपल्याला रिक्षा पुरते. कूपरकडे मोटोरोला होती, आपल्याकडे जेटी आहे. हा अ‍ॅडव्हान्टेज कमी समजू नका.

यंदाची प्रोजेक्टची यादी लवकरच नोटीस बोर्डावर लागेल. ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी लेडीज होस्टेलच्या गेटवर माझ्या नावाने चिठ्ठी ठेवा. काकांनी बोट बघायला या म्हणून सांगितलंय. येताना स्मार्टवॉच मात्र काढून ठेवा, विंच जवळून दाखवणार आहेत.